प्रीअँप घेण्याआधी तानपुऱ्याचा हिशोब मांडा

मिरजेच्या एका तरुण ध्वनिमुद्रकाने विचारलं आहे: "घराच्या माडीवर छोटा स्टुडिओ केला आहे. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, एक मोठ्या डायफ्रामचा कंडेन्सर आणि एक डायनॅमिक माइक आहे. सतार-तानपुरा, अभंग, भावगीतं आणि मधूनमधून अख्खं भजनी मंडळ, असं काम येतं. तानपुरा रेकॉर्ड केला की मागे सूंऽ असा आवाज राहतो. गाणाऱ्याचा आवाजही पातळ वाटतो. ओळखीतले एक जण परदेशातून आणलेला, ट्रान्सफॉर्मरवाला एका चॅनेलचा प्रीअँप चाळीस हजारांना देत आहेत. घेऊ का? की त्यापेक्षा ट्यूबचा बघू?"

आत्ता घेऊ नका. चाळीस हजार रुपये तुमच्या स्टुडिओत सत्कारणी लागतील अशा जागा आहेत आणि त्या मी पुढे सांगणारच आहे. पण तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारींपैकी एकीचंही मूळ बहुधा प्रीअँपमध्ये नाही. तुमची खोली मी ऐकलेली नाही, तरी एवढं ठामपणे म्हणतो, कारण हा हिशोब कागदावर मांडता येतो. तो एकदा मांडला की पुढे कुठलाही प्रीअँप घेताना दुकानदाराच्या, मित्राच्या किंवा माझ्याही मतावर अवलंबून राहायला नको.

माइकमधून निघणारा सिग्नल फार लहान असतो. तो पुढच्या कन्व्हर्टरला (इंटरफेसमधल्या, सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाला) नीट मोजता येईल इतका मोठा करणं हे प्रीअँपचं काम. ते करताना तो स्वतःचा थोडा नॉइज मिसळतो आणि थोडं डिस्टॉर्शन घालतो. किती वाढवतो (हा त्याचा गेन), किती नॉइज घालतो आणि डिस्टॉर्शन कोणत्या जातीचं, एवढंच बघायचं असतं. मात्र हे आकडे एकट्याने काहीच सांगत नाहीत. समोर कोणता माइक आहे आणि त्या माइकसमोर कोणतं वाद्य आहे, हे कळल्याशिवाय त्यांना अर्थ येत नाही.

माइकच्या कागदावर संवेदनशीलता दिलेली असते: ९४ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) आवाज पडला तर किती मिलिव्होल्ट निघतात. तुमच्या कंडेन्सरचं (वीज लागणाऱ्या, संवेदनशील माइकचं) नाव तुम्ही लिहिलं नाही, म्हणून घरगुती स्टुडिओत हमखास दिसणारा रोडचा एनटी१-ए धरतो. तो २५ मिलिव्होल्ट देतो. डायनॅमिकपैकी शुअरचा एसएम५८ देतो १.८५, आणि पॉडकास्टवाल्यांचा लाडका एसएम७बी अवघे १.१२. म्हणजे त्याच गळ्याला, त्याच अंतरावर कंडेन्सर आणि डायनॅमिक यांच्यात तेरा-चौदा पटीपासून बावीस पटीपर्यंत फरक.

आता तानपुरा घ्या. दीड फुटावर त्याचा आवाज ६० डीबी धरू. ९४ पेक्षा तो ३४ डीबीने, म्हणजे सुमारे ५० पटीने कमी. कंडेन्सरमधून अर्धा मिलिव्होल्ट, म्हणजे ५०० मायक्रोव्होल्ट येतील. आता याच तारेवर नॉइज कोण किती घालतं ते बघा. रात्री, पंखा बंद करून, बऱ्यापैकी शांत खोलीत ३० डीबीचा आवाज उरतो असं धरलं, तर त्या खोलीचे १६ मायक्रोव्होल्ट. माइकचा स्वतःचा नॉइज ५ डीबी आहे, त्याचे ०.९ मायक्रोव्होल्ट. आणि प्रीअँपचा? सध्याच्या साध्या इंटरफेसमध्ये तो असतोच, आणि त्याच्या कागदावर समतुल्य इनपुट नॉइज (प्रीअँपचा नॉइज त्याच्या इनपुटला धरला तर किती, ते) उणे १२८ डीबीयूच्या (विजेच्या सिग्नलचं डेसिबलमधलं माप) आसपास असतो. तो होतो ०.३ मायक्रोव्होल्ट.

पाचशेचा तानपुरा, सोळाची खोली, एकाच्या आतला माइक आणि त्याच्याही तिसऱ्या हिश्श्याचा प्रीअँप. डोक्यावरचा पंखा चालू ठेवून खोली ४५ डीबीला गेली तर तिचे १६ चे ८९ होतात. जगातला सर्वांत शांत प्रीअँप आणलात तरी १५० ओहमच्या स्रोतावर, साध्या खोलीच्या तापमानाला, ०.२२ मायक्रोव्होल्टच्या खाली कोणालाच जाता येत नाही, कारण तेवढा नॉइज त्या रोधातल्या उष्णतेचाच असतो. चाळीस हजारांत तुम्ही ०.३ चे ०.२२ करणार, आणि सोळा तसेच राहणार. काही कंपन्या उणे १३३ वगैरे छापतात तेव्हा इनपुट शॉर्ट करून किंवा कानाच्या उताराचा भार (ए-वेटिंग, म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे पट्टे कमी मोजणं) लावून मोजलेलं असतं. आकड्याशेजारी किती ओहमवर आणि कोणत्या भाराने मोजलं हे लिहिलेलं नसेल, तर दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवू नका. शिवाय हा आकडा जवळजवळ नेहमी पूर्ण गेनचा असतो. गेन खाली आणला की तो बिघडतो, पण तेव्हा समोरचा आवाजही मोठा असल्यामुळे त्रास होत नाही.

डायनॅमिकचं गणित थोडं वेगळं आहे, आणि प्रीअँपची चर्चा जास्त करून तिथूनच सुरू होते. एसएम५८ समोर तोच तानपुरा ठेवला तर ५०० ऐवजी ३७ मायक्रोव्होल्ट मिळतील. खोलीचा आवाजही त्याच प्रमाणात घटून १.२ वर येईल, पण प्रीअँपचे ०.३ तेवढेच राहतील. म्हणजे इथेही खोली चौपट जड आहे. पण समोरचा प्रीअँप जुन्या स्वस्त मिक्सरचा, उणे १२० डीबीयूच्या दर्जाचा असेल तर त्याचे ०.८ होतात आणि तो खोलीच्या बरोबरीला येतो. अशा वेळी चांगला प्रीअँप खरोखर ऐकू येतो. हळू आवाजाचं वाद्य, कमी संवेदनशील माइक आणि सुमार प्रीअँप हे तिघे एकत्र आले तरच. तुम्ही तानपुऱ्याला डायनॅमिक लावत असाल तर आधी ते थांबवा. तिथे कंडेन्सर लावल्यावर होणारा फायदा कुठल्याही प्रीअँपने भरून निघणार नाही.

मी सांगतोय म्हणून मानू नका, तपासून बघा. एका मेल एक्सएलआर (माइकच्या केबलचा तीन पिनांचा) प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांवर १५० ओहमचा रेझिस्टर डाग देऊन जोडा. सांगली-मिरजेत रेडिओ दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात रेझिस्टर किरकोळ पैशात मिळतो. फँटम (कंडेन्सरला केबलमधून जाणारी वीज) बंद ठेवून हा प्लग इंटरफेसमध्ये घाला आणि तानपुऱ्याला ठेवता तेवढाच गेन ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. नंतर कंडेन्सर लावा, तो एका वाकळेत गुंडाळून कपाटात ठेवा, त्याच गेनवर पुन्हा रेकॉर्ड करा. शेवटी माइक नेहमीच्या जागी, खोलीत कोणी नसताना. तिन्ही तुकडे एकापाठोपाठ ऐका. रेझिस्टरचा तुकडा जवळजवळ मुका आणि उघड्या माइकचा तुकडा सूं करत असेल, तर दोष खोलीत आहे. कपाटातला तुकडाही तेवढाच सूं करत असेल तर माइक गोंगाटी आहे. आणि रेझिस्टर लावूनही तीच सूं तेवढीच ऐकू आली, तर माझं वरचं सगळं तुमच्या इंटरफेसला लागू नाही आणि तुम्ही नव्या प्रीअँपचा विचार खुशाल करा.

खोलीचा नॉइज कमी करायला खर्च फार नाही. तानपुरा रेकॉर्ड करताना पंखा बंद, फ्रिजचा बोर्ड बंद, लॅपटॉप दाराबाहेर आणि केबल लांब. माइक जवळ न्या. अंतर निम्मं केलं की वाद्याचा थेट आवाज ६ डीबीने वाढतो आणि खोलीचा होता तेवढाच राहतो. दीड फुटावरून पाऊण फुटावर आलात की वाद्य आणि खोली यांच्यातला फरक दुप्पट झाला, एक पैसा न देता. फार जवळही जाऊ नका, कारण तानपुऱ्याचा नाद भोपळा, तबली आणि घोडी यांच्या मेळातून उमटतो. घोडीच्या अगदी तोंडाशी माइक ठेवला की जवारीचा (घोडीवर तारेला मिळणाऱ्या झणकाराचा) चरका तेवढा येतो आणि भोपळ्याचा घुमार मागे राहतो. पाऊण ते एक फूट, घोडी आणि भोपळा यांच्या मधोमध रोखलेला माइक, तिथून सुरुवात करा आणि कानाने इंच-इंच सरकवा.

तुमच्या गावात हे सांगायला नको, पण जवारी हाच तानपुऱ्याचा प्राण आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांच्या पिढ्यांचा कान आहे. जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांची दाट रांग, काही हजार हर्ट्झपर्यंत गेलेली. नॉइजची सूं नेमकी त्याच पट्ट्यात बसते, म्हणून तानपुऱ्यात ती जास्त खटकते. नॉइज कमी करायला सॉफ्टवेअरची फिरकी मारली तर आधी जवारीच जाते. म्हणून सूं मुळातच कमी करायची, रेकॉर्ड करताना. शिवाय बऱ्याच स्वस्त कंडेन्सरांचा वरचा पट्टा मुद्दाम उचललेला असतो. गाण्याला तो बरा वाटतो, जवारीला मात्र टोचरा करतो. असं होत असेल तर लहान डायफ्रामचा, सपाट प्रतिसादाचा कंडेन्सर बघा. प्रीअँप बदलून हा दोष जात नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तानपुरा रेकॉर्ड करणाऱ्याला ती माहीत हवी. सूंशिवाय घुंऽऽ अशी एक खालची कुरकुर असते, विजेची. ती ५० हर्ट्झ आणि तिच्या पटीत, म्हणजे १००, १५० अशी येते. काळी चारच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे १०४ हर्ट्झवर असतो. त्याशेजारी १०० हर्ट्झची घुंई आली की सेकंदाला चारेक आंदोलनं ऐकू येतात, आणि गाणारी बाई म्हणते, तानपुरा नीट लागला नाही. तानपुरा लागलेला असतो, अर्थिंग लागलेलं नसतं. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज ६९ च्या आसपास असतो. तिथे प्रीअँपवरचा ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारं बटण) दाबलात तर घुंईबरोबर खर्जाचा पायाही कापला जातो. मिरज जंक्शनच्या गाड्यांची खालची धडधड माडीवर येत असेल तर लो-कट लावायचा मोह होतो, पण या पट्टीला तो लावू नका. गाडी जाऊ द्या आणि पुन्हा घ्या. प्रीअँप घेताना लो-कटचं बटण आहे का, एवढं बघून भागत नाही. तो किती हर्ट्झवर कापतो हेही बघायचं.

घुंई घालवायला सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद करता येणारे दिवे बंद ठेवा, लॅपटॉप बॅटरीवर चालवून फरक पडतो का बघा. इन्व्हर्टरवर शक्यतो रेकॉर्डिंग करू नका. घराचं अर्थिंग वायरमनकडून एकदा मोजून घ्या. घुंई जावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी देईल, तो अजिबात ऐकू नका. माइक गाणाऱ्याच्या ओठांशी असतो, विजेचा झटका तिथेच बसेल.

आता आवाज पातळ येण्याबद्दल. माडीवरची खोली, सिमेंटच्या उघड्या भिंती, फरशी, वर स्लॅब. गाणाऱ्याचा आवाज भिंतीवरून परत येऊन थेट आवाजात मिसळला की काही पट्टे कापले जातात आणि आवाज डब्यातला, पातळ लागतो. यावर महागडा प्रीअँप लावला तर तो ही पातळ खोली अधिक इमानाने पुढे पाठवेल. गाणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड वाकळा दोरीवर टांगा, भिंतीपासून थोड्या सोडून. खाली सतरंजी, कोपऱ्यात गाद्या उभ्या. माइकचा मागचा भाग खोलीच्या उघड्या बाजूकडे आणि गाणाऱ्याची पाठ वाकळेकडे, म्हणजे माइक जिकडे बघतो तिकडून परतलेला आवाज येत नाही. अंतर एक फूट ते नऊ इंच. यापेक्षा जवळ गेलात की खालचा पट्टा फुगतो. काही गळ्यांना तो फुगवटा शोभतो, आणि आवाज पातळ असल्याची तक्रार एवढ्यानेच मिटते.

गेनच्या आकड्याबद्दल एक खुलासा, कारण त्याच्या जाहिराती फार होतात. समजा एका इंटरफेसचा गेन ५६ डीबी आहे आणि कमी गेनवर तो जास्तीत जास्त +९ डीबीयू झेलतो. दुसऱ्याचा गेन ६९ डीबी आणि झेलण्याची मर्यादा +१६. दुसरा १३ डीबीने जोरदार वाटतो. पण पूर्ण गेनला पहिला उणे ४७ डीबीयूवर शिगेला पोचतो आणि दुसरा उणे ५३ वर, म्हणजे खरा फरक ६ डीबीचा. कमाल इनपुटमधून गेन वजा करा आणि मगच दोन यंत्रं जोखा. कंडेन्सरवर साठ डीबीच्या तानपुऱ्याला पहिलाही पुरतो: उणे ६४ डीबीयू सिग्नल, ५३-५४ डीबी गेन, आणि सरासरी पातळी पूर्ण मापाच्या २० डीबी खाली. २४ बिटला याहून वर चढवायची गरज नाही. ठोका (क्षणभराची सर्वांत मोठी पातळी) उणे १० च्या वर जाऊ देऊ नका आणि सरासरी उणे १८ ते २० वर ठेवा. मीटर लाल व्हायच्या बेतात ठेवायची सवय टेपच्या काळातून आली आहे, ती सोडून द्या.

डायनॅमिकवर हळू बोलणाऱ्याचं निवेदन किंवा पुटपुटल्यासारखी कविता घ्यायची असेल आणि गेन संपत असेल, तर माइक आणि इंटरफेस यांच्यामध्ये लावायचा छोटा बूस्टर मिळतो. क्लाउडलिफ्टर २५ डीबीपर्यंत देतो, फेटहेड २७. इंटरफेसच्या फँटमवर ते चालतात आणि फँटम माइकपर्यंत जाऊ देत नाहीत. पूर्ण गेनला कुरकुरणाऱ्या इंटरफेसला त्यांचा उपयोग होतो. इंटरफेस मुळातच शांत असेल तर नॉइजमध्ये फारसा फरक पडत नाही, फक्त गेन मिळतो. भजन म्हणणारा बुवा नऊ इंचांवरून गळा मोकळा सोडत असेल तर याची काही गरज नाही.

मग ट्रान्सफॉर्मरवाल्या प्रीअँपचा एवढा बोलबाला का? तो खोटा नाही. १९७० साली आलेल्या नीव्ह कंपनीच्या १०७३ या प्रीअँपचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तुमच्या ओळखीतल्यांचा प्रीअँप बहुधा त्याच वळणाचा असावा. इनपुटला ट्रान्सफॉर्मर, आउटपुटला ट्रान्सफॉर्मर, मध्ये क्लास ए ट्रान्झिस्टर, आणि माइकसाठी ८० डीबीपर्यंत गेन. ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व सिग्नलच्या व्होल्टेजबरोबर वाढतं आणि कंपनसंख्या कमी होईल तसंही वाढतं. त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर ते १,००० हर्ट्झच्या वीसपट असतं. म्हणून ट्रान्सफॉर्मरचा रंग खालच्या सुरांत आणि मोठ्या आवाजात उमटतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीची धूम, तबल्याचा बायाँ, ढोलकीची धुमी, इथे तो भरदारपणा लगेच कळतो. पखवाज जवळून ११० डीबी दिला तर कंडेन्सरमधून दीडशेहून जास्त मिलिव्होल्ट निघतात. तानपुऱ्याचा अर्धा मिलिव्होल्ट त्यापुढे तीनशे पटीने लहान. एवढ्याशा सिग्नलने इनपुट ट्रान्सफॉर्मर जागाही होत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला मात्र गेननंतरची पातळी मिळते, म्हणून हळू वाद्यावर रंग हवा असेल तर गेन चढवून शेवटचा ट्रिम (बाहेर जाणारी पातळी कमी करणारा नॉब) खाली ओढावा लागतो. ज्या नमुन्यात असा ट्रिमच नाही, त्यात तानपुरा किंवा भावगीत जवळजवळ कोरंच बाहेर येतं. पैसे रंगाचे मोजायचे आणि रेकॉर्डिंग कोरं करायचं, असं होतं ते अशाने.

ट्रान्सफॉर्मरचा दुसरा गुण कमी बोलला जातो, आपल्याकडच्या घरांत मात्र तो मोलाचा आहे: दोन उपकरणांमधलं अर्थचं नातं तो तोडतो, त्यामुळे त्या वाटेची घुंई थांबते. पण तेवढ्यासाठी लाइन आयसोलेशनचा छोटा डबा घेतला तरी काम होतं.

डायनॅमिक आणि रिबन (धातूच्या पातळ पट्टीच्या) माइकवर इनपुट इम्पीडन्सचाही (प्रीअँपचा इनपुट माइकला किती रोध दाखवतो त्याचाही) परिणाम होतो. १०७३ मध्ये ३०० आणि १,२०० ओहम असे दोन पर्याय आहेत. आजच्या साध्या प्रीअँपांत तो बहुतेक दीड ते तीन हजार ओहम असतो. कमी इम्पीडन्सला तोच डायनॅमिक जरा मऊ आणि हळू वाजतो. कंडेन्सरमध्ये स्वतःचं सर्किट असल्यामुळे त्याला याने जवळजवळ काही होत नाही. रिबन हा एकच माइक असा की तो घेतल्यावर मी स्वतःच तुम्हाला भरपूर गेनचा, शांत, चढ्या इम्पीडन्सचा प्रीअँप घ्यायला सांगेन. सनई, सारंगी, टाळ या टोकदार वाद्यांना रिबन फार गोड लागतो. जुन्या पद्धतीच्या रिबनला मात्र फँटम चालू असताना केबल लावू-काढू नका.

ट्यूबचं थोडक्यात. स्वस्त ट्यूब प्रीअँपमध्ये गेनचं बरंचसं काम साधं आयसी (चिप) करतं, आणि काचेची नळी कमी व्होल्टेजवर उपाशी चालवून थोडं डिस्टॉर्शन घालायला ठेवलेली असते. पूर्ण व्होल्टेजवर चालणाऱ्या खऱ्या ट्यूब प्रीअँपची गोष्ट वेगळी, किंमतही वेगळी. तुमच्या कामाला आणि बजेटला दोन्ही नकोत.

चाळीस हजार खर्च करायचेच असतील तर भजनी मंडळाकडे बघा. दोन इनपुटांवर अख्खं मंडळ घेताना बुवा, पेटी, पखवाज, मागचा कोरस सगळे एकाच ट्रॅकवर एकमेकांत अडकतात, आणि नंतर पेटी जरा कमी करा म्हटलं तर बुवाही कमी होतो. ही तुमच्या स्टुडिओची खरी मर्यादा आहे, आणि ती प्रीअँपच्या संख्येने सुटते. तुमच्या इंटरफेसला एडॅटचं ऑप्टिकल इनपुट (एकाच प्रकाशाच्या केबलमधून अनेक चॅनेल घेणारं) असेल तर आठ प्रीअँपचा एक डबा त्याला जोडता येतो. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल, ९६ ला चारच. इंटरफेस आणि डबा या दोघांपैकी एकाचं डिजिटल घड्याळ मुख्य ठेवायचं, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक येते. ऑप्टिकल नसेल, आणि दोन इनपुटच्या स्वस्त मॉडेलांना बहुधा नसतंच, तर हा इंटरफेस विकून आठ माइकचा घ्या. आठही प्रीअँप साधे, स्वच्छ चालतील. त्यात बघायचं ते मोठा आवाज झेलण्याची ताकद आणि पॅड (सिग्नल आधीच कमी करणारं बटण), कारण हलगी किंवा ढोल-ताशा अगदी जवळून घेतला तर संवेदनशील कंडेन्सर दीड व्होल्टच्या घरात जाऊ शकतो. टाळाला वेगळा माइक देऊ नका, तो सगळ्या माइकांत शिरतोच. टाळकऱ्यांना मागे उभं करा.

बाहेरचा प्रीअँप कधीही जोडलात तर तो इंटरफेसच्या लाइन इनपुटला (आधीच मोठा झालेला सिग्नल घेणाऱ्या) जोडा, माइकच्या एक्सएलआरला नाही. कॉम्बो जॅकमध्ये (माइक आणि लाइन दोन्ही घेणाऱ्या) एक्सएलआर घुसवला की दोन प्रीअँप एकामागे एक बसतात आणि दुसऱ्याचा नॉइज फुकट मिसळतो. काही स्वस्त इंटरफेसांत लाइन इनपुटही आधी दाबून पुन्हा त्याच प्रीअँपमधून फिरवलं जातं. माहितीपुस्तिकेतला ब्लॉक डायग्राम बघून खात्री करा, नाहीतर बाहेरच्या प्रीअँपचा अर्धा फायदा तिथेच जातो.

तरीही तुमच्या ओळखीतल्यांचा प्रीअँप एकदा घरी आणून ऐका, त्यात काही वावगं नाही. एकच ओळ दोन्ही प्रीअँपांतून घ्या आणि पातळी अगदी जुळवा, ०.१-०.२ डीबीच्या आत. जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो, आणि या एका कारणाने कितीतरी प्रीअँप विकले जातात. फाइलांची नावं दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगा. तानपुऱ्याचे दोन तुकडे घेऊन शेजारी जवारी काढणाऱ्या कारागिराकडे जा आणि कोणत्यात जवारी जास्त खुली आहे एवढंच विचारा. त्याला डीबी माहीत असायची गरज नाही. रोज सुताएवढी घोडी घासून कान लावणारा माणूस आहे तो.

आणि आवडला म्हणून घ्यायचाच ठरवलात, तर पैसे देण्याआधी मागची पाटी वाचा. परदेशातून आणलेलं यंत्र ११५ व्होल्टचं असू शकतं आणि आपल्या २३० वर लावताच त्याचा पॉवर ट्रान्सफॉर्मर जळतो. निवडीचा स्विच आहे का, तो कुठे आहे आणि आतला फ्यूज त्या व्होल्टेजला साजेसा आहे का, हे वायरमनला दाखवून घ्या. फँटम चालू करून, माइक न लावता, १ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर धरा. ४४ ते ५२ व्होल्टच्या बाहेर आकडा गेला तर कंडेन्सर नीट चालणार नाही. १ आणि ३ मध्येही तेवढाच आला पाहिजे. सगळे नॉब फिरवून खरखर ऐका. तुमचा १५० ओहमचा प्लग त्यात लावा आणि त्याच पातळीला आणून इंटरफेसशी ताडून बघा. यंत्र अर्धा तास तापू द्या, मग पुन्हा ऐका. थंड असताना गप्प बसलेला जुना ट्रान्झिस्टर तापल्यावरच फटफटायला लागतो.